क्रोमची गोटी आणि हवेची गन

बुधवारची सकाळ होती आणि गोटी काही केल्या फुटत नव्हती.

रेलीन टकेट पार वैतागून गेली होती. ब्रोगनच्या गॅरेजमागच्या अंगणात, गंजत पडलेल्या एका गुरांच्या ट्रेलरपाशी ती गुडघे टेकून बसली होती. डोळ्यांवर चष्मा, त्यावर तोंडभर झाकण, हातांत कातडी मोजे आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड कोट. ऑस्ट्रेलियातल्या क्लॉनकरीच्या नोव्हेंबरात, भर उन्हाळ्यात, शहाणं माणूस असा पोशाख करत नाही. हवेच्या दाबावर नट फिरवणाऱ्या गनला तिनं चकचकीत क्रोमची गोटी, म्हणजे नटावर बसणारं पोकळ सॉकेट, लावली होती, गोटीवर जुन्या बुटाचं कातडं गुंडाळलं होतं, आणि समोरच्या नटावर ती गन धडाधड चालवत होती. तो नट तिनंच गेल्या वर्षी वेल्डिंग करून जागच्या जागी कायमचा बसवला होता, तेव्हा तो सुटण्याचा प्रश्नच नव्हता. न सुटणारा नट आणि हातपान्याची गोटी यांच्यामागे हवेची गन लावली की गोटी फुटायलाच हवी. आजवर फुटत आली होती.

आता ज्यानं गॅरेजात एक दिवस जरी काढला असेल तो हे ऐकून कपाळाला हात लावेल. चकचकीत गोटी हातपान्यासाठी, गनसाठी काळी. काळी गोटी जाड असते, तिचं पोलाद दणका सोसून घेतं. क्रोमची दिसायला देखणी, पण स्वभावानं ताठ. गनचे दणके बसायला लागले की ती वाकत नाही, सरळ तुकडे होऊन उडते, आणि तुकडा कुठं जाईल याचा नेम नसतो. ब्रोगनच्या गॅरेजात क्रोमची गोटी गनला लावताना जो सापडेल त्यानं सगळ्यांना बिअरचं कार्टन द्यायचं असा कायदा होता. कार्टन एकदाच, चिडवणं मरेपर्यंत. आणि रेलीन तर टाउन्सव्हिलपासून आयझापर्यंतच्या सगळ्या मुलखातली एक नंबरची फिटर. हे तिचं तिनं ठरवलेलं नव्हतं, रोडट्रेनवाले, म्हणजे एकामागं एक ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक हाकणारे, तीनशे मैलांवरून गाडी ओढत तिच्याकडे आणत. अशा बाईनं हे असलं काम करावं याला कारणही तसंच होतं, आणि ते कारण दर बुधवारी दहाच्या चहाच्या सुमारास मोठ्या रस्त्यावरून जायचं.

ताउनो लेहतिनेनची हत्यारांची गाडी आयझाहून यायची. एका पांढऱ्या ट्रकच्या पोटात सगळं दुकान मांडलेलं. मोठ्या गॅरेजांत तो दर आठवड्याला थांबे, पण ब्रोगनकडे माणसं मोजकी आणि खरेदी त्याहून मोजकी. म्हणून गॅरेजचा मालक सेस ब्रोगन यानं फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं की काही हवं असलं तर फाटकाला लाल फडकं बांधू. फडकं दिसलं तर आत वळ, नाही दिसलं तर हॉर्न वाजव आणि पुढं जा.

गेल्या वर्षी रेलीनची एक गोटी खरोखरच, हातानं, काही चूक नसताना फुटली. तिनं फडकं बांधलं. ताउनो आला. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याचे आजोबा फिनलंडहून आयझाच्या खाणीत आले तेव्हा बोलणं बहुतेक बोटीवरच विसरून आले असावेत. त्यानं फुटकी गोटी उन्हात धरून फिरवली, चौकोनी भोकात अंगठा घातला, म्हणाला, "कारखान्याचा दोष," आणि बदली गोटी काढून दिली. आयुष्यभराची गॅरंटी होती, त्यात नवल काही नव्हतं. मग सेसनं चहा विचारला. ताउनो एका पिंपावर बसला, डब्यातला काळा पाव काढला, अर्धा रेलीनला दिला. तिनं बेकरीतून आणलेला आपला मीट-पाय, खिमा भरून भाजलेला, अर्धा त्याला दिला. जाताजाता तो तिच्या हत्यारांच्या उघड्या पेटीपाशी थबकला आणि म्हणाला, "छान लावलीय पेटी."

बस, एवढंच. पण रेलीनच्या डोळ्यांबद्दल, केसांबद्दल आणि इतर बाबींबद्दल पुरुष आजवर बरंच काही बोलले होते. पेटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं तर एकदा तिचा नट मोजून आवळायचा टॉर्क पाना उसना घेतला आणि तो घेऊनच दुसरीकडे संसार थाटायला गेला. नवऱ्याचं तिला फारसं वाटलं नाही, पाना मात्र अजून आठवायचा. तेव्हापासून पेटीची किल्ली ती बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घालायची. तसाही त्या गॅरेजात एकाच्या पेटीला दुसरा हात लावत नसे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एझ्रानं एकदा झाडू मारताना ती पेटी जरा सरकवली, तर रेलीन आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

पुढचे कितीतरी बुधवार गाडी हॉर्न वाजवून निघून गेली. रेलीनच्या हत्यारांना काही होतच नव्हतं; ती चांगलं काम करते ही तिची चूक. शेवटी एका बुधवारी तिनं गन उचलली, मागच्या अंगणात गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केलं.

तेव्हापासून असं चाललं होतं. गोटी फुटे, फडकं लागे, ताउनो येई, अंगठा घाली, "कारखान्याचा दोष" म्हणे, बदली देई आणि पिंपावर बसून चहा पिई. रेलीनला एकाच गोष्टीचं वाईट वाटायचं. गननं फुटलेल्या गोटीच्या आत दणक्यांच्या खुणा उमटतात, आंधळ्यालाही बोटानं कळाव्यात अशा, आणि याला कधी कळत नव्हत्या. इतका गोड माणूस, पण लोखंडातलं काही समजत नाही, असं मनात येऊन ती त्याला माफ करून टाकायची. गावाला मात्र सगळं समजत होतं. बेकरीवाली बुधवारी सकाळी मीट-पाय बांधून देताना विचारायची, "दोन देऊ ना गं? फडकं बघितलं मी."

आजही फडकं लागलं होतं आणि गोटी फुटत नव्हती. हल्ली ताउनो देत असलेल्या बदली गोट्या फुटायला भलत्याच नाखूष असत. ठसा जुन्या काळचा, चमक जरा मऊ, आणि धातू असा की दणक्यावर दणका खाऊनही ढिम्म. रेलीननं आत जाऊन हवेचा दाब वाढवला. कॉम्प्रेसर बोंबलायला लागला. तिनं परत गुडघे टेकले, गन लावली, दात ओठ खाल्ले आणि बटण दाबून धरलं.

कातड्याच्या आत गोटी फुटल्याचा आवाज झाला. रेलीननं सुटकेचा निःश्वास टाकला आणि झाकण वर केलं. समोर एझ्रा मोस्बी उभा होता, हातात चहाचा मग तसाच.

"सिस," एझ्रा म्हणाला, "मला जे दिसतंय ते खरंच दिसतंय का?"

एझ्रा थर्सडे बेटावरचा, अंगानं आडवा आणि हसायला कायम तयार; रेलीनला तो तिकडच्या रीतीनं 'सिस', म्हणजे बहीण, म्हणे. हसायचं तर पोट धरून, भिंतीला टेकून, तब्येतीत. पण आता तो हसत नव्हता. याचा अर्थ आतून भरपूर साठत होतं.

"तुला काही दिसत नाहीये. जा आत."

"गनला क्रोम लावलंय."

"नाही लावलं."

"कातड्यात गुंडाळून लावलंय. म्हणजे चुकून नाही, तयारीनं. आणि तो नट तर वेल्ड केलेला आहे गं." एझ्रानं मग खाली ठेवला. "थांब. थांब जरा. आज बुधवार."

"एझ्रा, तुला एक कार्टन देते. गप्प बस."

"एक? वर्षभर तू कारखान्याला शिव्या देत होतीस. मी माझा सगळा सेट विकून दुसऱ्या कंपनीचा घेतला तुझ्या नादानं." आणि मग त्याला आवरेना. तो ट्रेलरला टेकला, मग खाली बसला, मग डोळे पुसत म्हणाला, "अरे सेस, इकडं ये. आपली रेलीन प्रेमात पडलीय आणि गोट्या फोडतेय."

सेस ब्रोगन सत्तरी ओलांडलेला, वाळलेला म्हातारा. तो दारातूनच म्हणाला, "मला माहीत आहे. अंगण माझं आहे आणि कान शाबूत आहेत. पोरी, तोंड धू. गाडी वळतेय आत."

रेलीननं हातातली गोटी घाईघाईनं कातड्यातून काढली. नीट दोन तुकडे झाले होते. तोंड धुवायला ती नळाशी पळाली, परत आली तोवर कोट काढायचा राहिला हे लक्षात आलं, तो काढताना बटण तुटलं. असल्या वयात असं होऊ नये. तिला स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं, तेही नको तेव्हा.

ताउनो गाडीतून उतरला तोच हातात एक मोठी काळी पेटी घेऊन. ती त्यानं बाकावर ठेवली, टोपी काढली, परत घातली.

"ही फुटली," रेलीन म्हणाली आणि तुकडे पुढं केले.

ताउनोनं तुकडे घेतले. आज उन्हात धरले नाहीत, अंगठाही घातला नाही. नुसते हातात धरून उभा राहिला. कारखान्याचं नावही निघालं नाही.

"रेलीन, तू हा सेट घे," तो म्हणाला आणि काळी पेटी उघडली.

आत गोट्या ओळीनं बसल्या होत्या, लहानीपासून मोठीपर्यंत, उथळ आणि खोल अशा दोन रांगा. काळ्या, जाड, भारदस्त. रेलीनच्या आतला फिटर एका क्षणात मोहात पडला, आणि आतली बाई त्याच क्षणी घाबरली. असला सेट घेतला तर पुढची पंचवीस वर्षं काही फुटायचं नाही.

"नको, जड आहे," ती म्हणाली.

"जड हवीच. गोटी हलकी असली की दणका वाटेतच विरतो, नटापर्यंत पोचत नाही."

"कोपरे किती? बारा कोपऱ्यांची मला चालत नाही."

"सहा. नटाच्या सपाट बाजूवर बसते, कोपऱ्यावर नाही. नट गोल होत नाही." ताउनोनं एक गोटी तिच्या तळहातावर ठेवली. "एकाच तुकड्यातून घडवलीय, जोड कुठं नाही. हे आडवं भोक बघ, यातून पिन आणि रबरी कडं जातं. गन हिसडली तरी निसटून उडणार नाही."

"काळ्यावर नंबर दिसत नाहीत. ग्रीस लागलं की सगळ्या सारख्याच."

"नंबर खोल कोरलेत. बोटानं वाच."

तिनं बोट फिरवलं. खरंच वाचता येत होते. तरी ती म्हणाली, "काळा रंग मला आवडत नाही."

एझ्रानं भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

"मी चांगल्यातला चांगला सेट निवडून आणलाय," ताउनो हळू म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच चाललं होतं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चार कंपन्यांचे लावून बघितले खाणीतल्या गाड्यांवर. हा काही झालं तरी फुटत नाही. घे तू हा. कारण पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. गाडी दुसऱ्याला देतोय."

रेलीनच्या हातातली गोटी खाली पडली, सिमेंटवर घरंगळत गेली आणि बाकाच्या पायाला लागून थांबली. तिला काही झालं नाही, ती चांगल्या प्रतीची होती.

"कुणाला?" रेलीननं विचारलं. खरं विचारायचं होतं ते वेगळंच.

"टाउन्सव्हिलचा एक माणूस आहे. हुशार आहे. तो फुटकी गोटी बघेल आणि गॅरंटी नाही म्हणेल."

"का म्हणेल?"

ताउनोनं तिच्याकडे बघितलं, मग एझ्राकडे, मग सेसकडे. मग तो गाडीत गेला आणि रंगाचा एक जुना डबा घेऊन आला. तो त्यानं काळ्या पेटीशेजारी ठेवला. आत फुटक्या गोट्या होत्या. दोन तुकडे झालेल्या, चिरलेल्या, कळीसारख्या उकललेल्या. रेलीननं सगळ्या ओळखल्या. आपलं काम कुणाला ओळखू येत नाही?

"या तर कंपनीला परत जायच्या," ती म्हणाली.

"पाठवल्या नाहीत."

"का?"

"गनच्या खुणा आहेत. कंपनीला खोटं सांगवेना आणि तुला खरं सांगवेना."

कॉम्प्रेसर थांबला. पत्र्यावर चालणारा कावळा ऐकू यायला लागला. रेलीनला सगळ्या बुधवारांमधले ते सगळे अंगठे आठवले. याला लोखंड समजत नाही म्हणून ती त्याला माफ करत आली होती. तिला जमिनीत जावंसं वाटलं आणि त्याच वेळी पत्र्यावर चढून ओरडावंसंही वाटलं.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"दुसऱ्यापासून. पहिली खरी होती."

"आणि कारखान्याचा दोष म्हणायचास ते?"

"कुठल्या कारखान्याचा ते मी म्हटलं नव्हतं."

एझ्राच्या तोंडून चहाचा फवारा उडाला. सेसनं त्याला डोळ्यांनी दटावलं.

"पण मग बदली गोट्या?" रेलीन म्हणाली. "त्या कुठून आणल्यास?"

"माझ्या होत्या. गाडी घ्यायच्या आधी मी खाणीत फिटर होतो. क्रोमचा जुना सेट होता, वडिलांनी दिलेला. आता तसा माल बनत नाही." त्यानं हातातल्या दोन तुकड्यांकडे बघितलं. "म्हणून फुटायला वेळ लागत असेल."

"म्हणजे माझ्या खणात आहेत त्या—"

"बहुतेक सगळ्या. ही एक उरलीय माझ्याकडे." त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेली गोटी काढली. "आजच्यासाठी आणली होती."

रेलीन बाकावर बसली, नव्हे, बसायला गेली आणि डब्यावर बसली. डबा कलंडला आणि फुटक्या गोट्या सगळ्या गॅरेजभर पांगल्या. आता सेसलाही हसू आवरलं नाही. दातांची कवळी सांभाळत तो हसला. ताउनो गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करायला लागला, आणि रेलीन खाली बसून त्याला मदत करता करता स्वतःच हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिनं ग्रीसच्या हातानं पुसले.

"काळा सेट घे तू," ताउनो खालीच बसून, जमिनीला सांगितल्यासारखा म्हणाला. "बुधवारी इथून निघालो की मला तुझे डोळे आठवतात. एखादा तुकडा उडाला असता तर. शनिवारपर्यंत जेवण जात नाही. परत बुधवार येतो, फडकं दिसतं, म्हणजे परत फोडली. आनंद होतो आणि भीतीही वाटते. दोन्ही एकदम. मी थकलो, रेलीन."

असं माणसानं बोललं तर बाईनं काय करायचं? रेलीननं त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला, डब्यात टाकला आणि सरळ विचारलं, "जातोयस कुठं?"

"कुठं नाही. मला परत हात काळे करायचेत. सेसला विचारलंय कामाचं."

रेलीननं मान वळवली. सेस ब्रोगन छताकडे बघत होता.

"विचारलंय," सेस म्हणाला. "गेल्या बुधवारी. जागा आहे, माणूस चांगला आहे. पण मी सांगितलं, बाबा रे, रिकाम्या पेटीचा फिटर मी घेत नाही. असा माणूस पहिल्या दिवशी पाना मागतो, दुसऱ्या दिवशी मारामारी होते. चाळीस वर्षं हे गॅरेज चाललंय, कारण इथं एकाच्या पेटीत दुसऱ्याचा हात नाही. स्वतःची हत्यारं आण, मग ये. तर हा म्हणतो, हत्यारं होती, संपली. कुठं संपली ते सांगेना. आता कळलं."

"काळा सेट तू घे मग," रेलीन ताउनोला म्हणाली.

"तो तुझ्यासाठी आहे. तुझ्यासाठी निवडलाय."

"मग मी घेते."

"घे."

"घेतला. पण तुझं काय?"

ताउनोनं खांदे उडवले. फाटकाला लाल फडकं वाऱ्यावर फडफडत होतं, रस्त्यावरून तीन ट्रेलरांची एक रोडट्रेन गुरं घेऊन गेली आणि तिची धूळ आत येऊन सगळ्यांवर बसली.

मग रेलीन उठली. तिनं मानेमागं हात नेला, बुटाची नाडी डोक्यावरून काढली आणि पेटीची किल्ली ताउनोच्या पुढं धरली.

एझ्रानं टोपी काढली. त्यानं बहिणीच्या लग्नातही टोपी काढली नव्हती.

"सिस," तो हळूच म्हणाला, "विचार कर हं. मी नुसती सरकवली होती."

"तू गप्प बस. कार्टनं मिळतील सगळ्यांना. किती ते तो डबा बघून ठरवा." मग ती ताउनोकडे वळली. "अर्धी पेटी तुझीच आहे. मला माहीत नव्हतं, नाहीतर वर्ष वाया घालवलं नसतं. सकाळी मी उघडीन, संध्याकाळी तू बंद कर. काळा सेट मधल्या खणात राहील, दोघांचा. आणि टॉर्क पाना उसना नेलास तर मी तुला शोधत फिनलंडपर्यंत येईन."

ताउनो लगेच किल्ली घेईना. तो फाटकापर्यंत चालत गेला. त्यानं लाल फडकं सोडलं, त्याला हात पुसले, बोटांच्या पेरापेरांतून, नखांखालून, आणि ते मागच्या खिशात खोचून परत आला. मग त्यानं किल्ली घेतली.

खण सरकला. त्याच्या वडिलांच्या गोट्या ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येक आपापल्या खोबणीत, पुसलेली, नंबर वर केलेली. एक खोबण रिकामी होती. त्यानं कागद सोडला, शेवटची गोटी तिथं ठेवली आणि अंगठ्यानं जराशी फिरवून नंबर सरळ केला.

"छान लावलीय पेटी," तो म्हणाला.

"सेस," एझ्रानं विचारलं, "आता बुधवारी मीट-पाय दोन आणायचे की एकच, बेकरीवालीला काय सांगू?"

"रोज दोन सांग," रेलीन म्हणाली, आणि काळा सेट उचलायला तिनं एका बाजूनं हात घातला. दुसऱ्या बाजूनं ताउनोनं घातला. तो खरंच जड होता.